चिंध्याची मूठ

कानबाईला तापीत पोचवून सगळे लिंबायतीतल्या खोलीवर परतले, तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. दगाकाकांनी हातपाय धुतले, भिंतीला पाठ टेकली आणि म्हणाले, "वाढा बाई आते. पोटमा कावळा ओरडी ऱ्हायनात." सुभद्राबाईने रोटांच्या टोपल्यावरचं फडकं काढलं. राघोने सहज नजर टाकली आणि त्याच्या हातातला तांब्या हातातच राहिला. रोट सात होते.

"माय, हे काय?"

"काय म्हणजे? रोट."

"ते दिसतंय मला. सात कसे?"

सुभद्राबाईने मान वर केली नाही. "सात पुरुष शेतस मन्हा घरमा."

 राघोची बायको इंदू ताटं मांडता मांडता थांबली. दगाकाका भिंतीपासून पुढे सरकले. "वहिनी, शनवारी राघोनी पाच मुठी टाक्यात. मी सोता दख्यात. मन्ही, मन्हा दोन आंडोरसन्या, राघोनी आन् त्याना पोऱ्या प्रशांतनी. पाच."

"मंग दोन मी टाक्यात. गिरणीवर जाता जाता."

खानदेश सोडून सुरतेला लूमवर आले त्याला एक पिढी उलटली, पण या घराने कानबाईचा नेम सोडला नव्हता. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी नारळाला नथ-डोळे लावून तिला बसवायचं, सोमवारी वाजतगाजत नदीवर न्यायचं. त्याआधी शनिवारी घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू टोपलीत घालायचे. लिंबायतीतला गिरणीवाला त्या दिवशी गिरणी धुऊन ठेवतो आणि दुसरं दळण घेतच नाही. त्या पिठाचे रोट, एका नावाचा एक. ज्याची मूठ त्याने खायचं. बाहेरच्याला घास द्यायचा नाही आणि पौर्णिमेच्या आत तुकडाही उरता कामा नये. दुसऱ्याची मूठ खाल्ली, तर त्याच्या कपाळी जे काही वाईट लिहिलं असेल ते खाणाऱ्याच्या अंगावर येतं, असं या घराण्यात मानत. खाल्लीच नाही, तर काय होतं ते कुणी मोठ्याने बोलत नसे.

राघोने उंबऱ्याकडे पाहिलं. तिथे त्याचा थोरला भाऊ चिंधा बसला होता, लूमच्या खात्यातून थेट आलेला, केसांत अजून सुताची धूळ. नाताळच्या आधी त्याने बाप्तिस्मा घेतला, तोही याच तापीत, कामरेजच्या बाजूला. तेव्हापासून तो या उंबऱ्याच्या आत बसला नव्हता. आज आला तो पोरासाठी, बायकोने त्याला सकाळीच सासूकडे आणलं होतं म्हणून. त्याचा शुभम, चार वर्षांचा, आतल्या खाटेवर तापाने फणफणला होता आणि चिंध्याची बायको मंदा त्याच्या कपाळावर पट्ट्या ठेवत होती.

"भाऊ, तू सांगितलंस का मायला?" राघोने विचारलं.

"मी? मला आत्ता कळतंय."

"मग आता खाणार कोण ते? तू खाणार?"

चिंधा केसांतली सुताची धूळ झटकू लागला.

"बोल ना! चुप क्यों बैठा है? बाप्तिस्मा घेतला म्हणजे पोचलास ना तू देवाकडे? मग आमच्या माथी हे काय ठेवलंस?"

"पोचलो नाही रे," चिंधा हळू म्हणाला. "निघालोय फक्त."

राघोला चीड आली, पण चिडीच्या खाली भीती होती आणि ती त्याची त्यालाच ठाऊक होती. मूठ घालायचा मान थोरल्याचा. बाप गेल्यापासून चिंधाच घालत आला होता, आणि लहानपणापासून राघोला त्या मानाचा हेवा. यंदा तो आयता पदरात पडला, तर शनिवारी तळहाताला इतका घाम सुटला की गहू चिकटून बसले. थोरल्याचं नाव न घेता मूठ घालायची म्हणजे जित्या माणसाला मेल्यात काढायचं. ते त्याने केलं होतं.

आणि पहिल्यांदा केलं नव्हतं. दोन वर्षांमागे सुरतेत प्लेग आला, लिंबायत रातोरात रिकामी व्हायला लागली, तेव्हा राघोने आपल्या रिक्षात मायला घातलं, इंदूला, पोरांना, मंदाला आणि तिच्या कडेवरच्या शुभमला घातलं आणि स्टेशन गाठलं. चिंध्याला ताप होता. त्या दिवसांत ताप म्हटलं की माणसं चार हात लांब पळत. "तुम्ही व्हा पुढे, मी मागून येतो," चिंधा म्हणाला, आणि राघोला ते लगेच खरं वाटलं. स्वतःच्या सोयीचं असलं की माणसाला काहीही खरं वाटतं, मेलं! परत आले तेव्हा चिंधा जिवंत होता. गोडादऱ्यातली सरलाबाई, दवाखान्यात आया होती, नवापूरकडची ख्रिस्ती, ती रोज येऊन त्याला पेज पाजून गेली होती. ताप साधाच निघाला. पण आपल्या थोरल्याला तिथून पुढे दुसरीच वाट लागली, आणि ती वाट आपणच मोकळी करून दिली, हे राघो कुणापाशी बोलला नव्हता.

"वहिनी, हाई चुकीचं व्हयनं," दगाकाका म्हणाले. "बाईनी मुठी टाक्यात, त्या बी चोरीसन. देवी काय आंधळी शे?"

*

देवी आंधळी नाही, हे सुभद्राबाईला सांगायला कुणाची गरज नव्हती. तिच्याइतकं त्या देवीला कोण ओळखत होतं?

पहिली तीन पोरं तिची पाळण्यातच गेली. एक मुलगा, एक मुलगी, मग पुन्हा मुलगा. चौथा झाला तेव्हा सासूने पाच घरांतून चिंध्या मागून आणल्या, त्यात त्याला गुंडाळलं, नावही तेच ठेवलं, म्हणजे काळाने वळून बघू नये. आणि श्रावणात सुभद्राबाईने ते गाठोडं कानबाईपुढे ठेवून पदर पसरला. "हा तुन्हा. माले फक्त सांभाळाले दे. दर सालले यान्ही मूठ पहिली टाकसू." पोरगा जगला. त्याच्या पाठीवर राघो जगला. दर साली चिंध्याची मूठ पहिली पडत आली.

आता पोराने देव बदलला. नाताळात तो सांगायला आला तेव्हा तिने तोंडावर म्हटलं होतं, "तापीमायमा बुडकी मारीसन देव बदलस का रे?" तो हसला नाही, रागावलाही नाही. "माय, तू मला जिचा म्हणून वाढवलंस तिच्यावर माझा राग नाही. पण मला हाक आली," म्हणाला. कसली हाक? हाक यायला हा काय बहिरा होता इतकी वर्षं? ती आठ दिवस जेवली नाही धड. लोक म्हणत, पोराने बाटवून घेतलं, जातीबाहेर काढा. तिला जातीचं काही वाटत नव्हतं. तिला एवढंच वाटत होतं की देवीचं उसनं आणलेलं माणूस तिच्या हातून निसटलं, आणि देवी आता आपलं मागायला येणार.

शनिवारी राघोने पाचावर हात झाडला. टोपली डोक्यावर घेऊन ती गिरणीकडे निघाली, आणि वाटेत मंदा भेटली. "आत्याबाई, शुभमला ताप आलाय. उतरत नाहीये."

झालं! सुभद्राबाईला वाटलं, आली देवी. बापाचं मागायला आली आणि पोरापासून सुरुवात केली. तिथेच, रस्त्याच्या कडेला, टोपली खाली ठेवून तिने दुकानातून गहू घेतले आणि आपल्या म्हाताऱ्या हाताने सव्वा मूठ चिंध्याची, सव्वा मूठ शुभमची घातली. बाईने मूठ घालायची नसते. तिला माहीत होतं. पण घर जळत असलं तर कोण बघतं कुठल्या घागरीतलं पाणी?

"दगाभाऊ," ती म्हणाली, "चुकनं ते मन्हं चुकनं. पण आते रोट व्हयनात. चिंधा, ये. हात धोय. एक तुकडा खाय, बस. तुन्हा देवले मी सांगसू, मायनी जबरदस्ती करी म्हणीसन."

"माय..."

"एक तुकडा रे! ते पोरगं दख आतमा कसं करी ऱ्हायनं!"

*

आतल्या खाटेशी मंदाला बाहेरचा शब्द न् शब्द ऐकू येत होता.

तिने बाप्तिस्मा घेतला नव्हता. नवऱ्याबरोबर रविवारी सरलाबाईच्या खोलीवर जायची, मागे बसायची, गाणी तिला आवडायची. कुणी विचारलं तर म्हणायची, "मी अजून बघतेय." चिंधा तिच्यावर जोर करत नसे. दारू सुटली होती त्याची, हात उगारणं सुटलं होतं. ज्या देवाने हे केलं त्याच्याशी तिचं भांडण नव्हतं. पण शनिवारपासून तिचं सगळं बघणं संपलं होतं. डॉक्टरने रक्त तपासलं, मलेरिया म्हणाला, इंजेक्शन दिलं. सोमवारी दुपारपर्यंत उतरला नाही तर मोठ्या दवाखान्यात न्या, म्हणाला. दुपार झाली होती. शुभम मघापासून डोळे पांढरे करत होता.

ती उठली, बाहेर आली, कुणाकडे न बघता टोपल्यातून शुभमच्या नावाचा रोट उचलला.

"मंदा," चिंधा उंबऱ्यावरून उठला, "नको."

"का नको?"

"तुला माहीत आहे का नको."

"मला काही माहीत नाही!" तिचा आवाज चिरकला. "तुम्हाला देव बदलायचा होता, तुम्ही बदललात. मी एक शब्द बोलले? पण हा पोरगा माझा आहे. ती देवी असेल, तुमचा तो असेल, मी दोघांच्या पाया पडते, चौघांच्या पडते! माझं पोर मला द्या, मग कुणाचंही नाव लावा."

"त्याच्या तोंडात बळेच घालू नकोस, बाई. त्याला गिळता येत नाहीये."

"तुम्हाला भीती नाही वाटत?"

चिंध्याने तिच्याकडे पाहिलं. तिला वाटलं आता तो काहीतरी मोठं बोलेल, सरलाबाईसारखं.  "खूप वाटते," तो म्हणाला. "रात्रभर मला तिचेच डोळे दिसत होते. नारळावरचे."

हे ऐकून मंदा उलट जास्तच घाबरली. याने घट्ट राहावं, एवढी एकच आशा तिला होती. तिने रोटाचा कोपरा मोडला, बाकीचा टोपल्यात टाकला, आत धावली, तुकडा पाण्यात भिजवला आणि पोराच्या ओठांत सरकवला. शुभमने तोंड वाकडं केलं, अंग ताठ केलं आणि सगळं ओकून टाकलं. ओला तुकडा उशीवर पडला. इंदूने तोंडाला पदर लावला. "देवीनी लिधं नही," ती पुटपुटली. "मंदाताई, देवीनी लिधं नही."

राघोने बायकोवर डोळे वटारले. "गप बस तू!" पण त्याच्याही चेहऱ्यावरचा रंग उडाला होता.

*

चिंध्याने पोराला उचलून छातीशी धरलं. अंगाचा चटका शर्टातून लागत होता. "राघो, रिक्षा काढ. दवाखान्यात नेऊ."

"आणि हे?" दगाकाका टोपल्याकडे बोट दाखवत म्हणाले. "हे दोन असेच ठेवून जाशी? घरना लोक मरी जाईत आठे!"

"मी ते खाणार नाही, काका."

"मंग कोण खाई? मी खाऊ? मन्हा दोन आंडोर शेतस."

"माझ्याकडे नका बघू," राघो म्हणाला. "मलाही पोर आहे." आणि म्हणून झाल्यावर त्याने मान खाली घातली.

चिंध्याला खरं तर तिथेच बसकण मारावीशी वाटत होती. तोंडाने 'खाणार नाही' म्हणाला खरा. चाळीस वर्षं आईच्या दुधाबरोबर प्यालेली भीती नदीत एकदा डोकं बुडवून जात नसते. अजूनही कानबाईची मिरवणूक आली की त्याचा हात आपसूक कपाळाकडे जाई आणि मग तो शरमून खाली घेई. सरलाबाईला त्याने हे सांगितलं होतं. ती म्हणाली, "अरे भाऊ, बाप्तिस्मा म्हणजे घरून पिशवी उचलली, एवढंच. वाट सगळी पुढं आहे. भ्याला तरी चालत राहा." ती स्वतः भ्यायची. प्लेगात त्याला पेज पाजताना तिचा चमचा त्याच्या दातांवर वाजायचा इतका हात थरथरत होता. पण रोज यायची. त्याला हाक आली ती त्या वाजणाऱ्या चमच्यातून, आणि हे मायला कसं सांगावं ते त्याला कधी जमलं नव्हतं.

एक गोष्ट मात्र त्याच्या गळी उतरली नव्हती. महिन्यातून एकदा नवापूरहून पास्टर येत, पावाचे तुकडे वाटत आणि म्हणत की एकाने सगळ्यांच्या वाट्याचं आपल्या अंगावर घेतलं. चिंधा तुकडा घ्यायचा, डोळे मिटायचा आणि मनात म्हणायचा, असं कोण कशाला करील? दुसऱ्याच्या कपाळीचं कुणी घेतं का? आमच्या घरात तर रोटाचा तुकडासुद्धा घेत नाहीत.

"व्हा बाजूले," सुभद्राबाई म्हणाली.

तिने टोपलं पुढ्यात ओढलं. चिंध्याचा रोट उचलला, मोडला आणि तोंडात घातला.

"माय!" राघो ओरडला. "माय, काय करतेस? थूक ते!"

"वहिनी, येडी व्हयनी का तू?"

ती चावत होती. दात थोडे, रोट जाड, घास फिरता फिरत नव्हता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हात असे लटपटत होते की तुकडे पदरात सांडत होते. तिने ते पदरातले वेचून खाल्ले. ती किती भ्याली होती ते खोलीतल्या सगळ्यांना दिसत होतं. मंदा भिंतीला धरून उभी राहिली. सुभद्राबाईने चिंध्याचा रोट संपवला, पाण्याचा घोट घेतला आणि शुभमचा उचलला. आत जाऊन उशीवरचा ओकलेला तुकडाही तिने आणला.

"माय, तो नको," चिंधा कसाबसा म्हणाला.

"गप ऱ्हाय. तुले तुन्हा देव. माले मन्हा आंडोर."

आणि तिने तोही खाल्ला.

 पोराला छातीशी धरून चिंधा उभ्या उभ्या रडायला लागला, मोठ्याने, पोरासारखा. बाकीच्यांना वाटलं मायसाठी रडतोय. मायसाठी रडत होताच; पावाचा तो तुकडाही त्याला आज कळला होता.

राघोने रिक्षाला किक मारली. कुणी काही ठरवलं नाही, पण मंदाच्या बाजूला माय येऊन बसली, आणि दगाकाका आपल्या पोरांना घेऊन मुकाट्याने आपल्या खोलीकडे निघून गेले.

मोठ्या दवाखान्यात शुभमला बाटली लावली. डॉक्टरीण म्हणाली, "मगज पर चढेलो मलेरिया छे. उशीर केलात. सकाळपर्यंत काही सांगता येणार नाही." मंदा आत थांबली. राघो औषधं आणायला गेला, आणि जाताना चिंध्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "या वेळी मी कुठे जात नाही, भाऊ. हा औषध घेऊन आलोच." चिंध्याने त्याचा हात दाबला.

व्हरांड्यातल्या फरशीवर माय भिंतीला टेकून बसली होती. तिने एक हात पोटावर ठेवला होता, आत काय चाललंय ते चाचपत असल्यासारखा. चिंधा तिच्याजवळ बसला.

"दुखतंय का काही?"

"आते तरी नही." मग म्हणाली, "माले भ्याव वाटस रे, चिंधा."

"मला पण वाटतंय, माय."

"तुन्हा देवले सांग, दोनीसनं मी खाई लिधं. पोरले आते काही करू नको म्हणा. तुम्हना वाटाले काहीच उरनं नही."

चिंध्याने तिचा दुसरा हात हातात घेतला. आठ महिने जे त्याला सांगता आलं नव्हतं, ते अहिराणीत, तिच्याच शब्दांत तोंडाशी आलं.

"माय, तुन्हा वाटानं बी एकनी खाई लिधं शे."

ती दचकली. "कोणी? कव्हय?"

"लई दिन व्हयनात. तुन्हं, मन्हं, राघोनं, सगळासनं. तो बी भ्याला व्हता. रातभर घामाघूम व्हयना. पण खाई लिधं."

 सुभद्राबाईने त्याचा हात घट्ट धरला, आणि अगदी हळू, आतल्या शुभमला ऐकू जाऊ नये अशा बेताने विचारलं,

"मंग त्याले काय व्हयनं?"

"मरी गया, माय."

 तिचा पोटावरचा हात तसाच राहिला. आत बाटलीतलं पाणी थेंब थेंब उतरत होतं आणि मंदा हळू आवाजात पोराला हाका मारत होती. सुभद्राबाईने चिंध्याचा हात सोडला नाही.

"मंग?" ती म्हणाली. "पुढे काय व्हयनं ते सांग."